चटईपुरती जागा

वरळीच्या बीडीडी चाळीत माझ्या मावशीची खोली होती, १६० चौरस फुटांची. रात्री जेवणं उरकली की ताटं मोरीत जायची, पाट भिंतीला टेकायचे आणि चटया पसरल्या जायच्या. बायका आत, पुरुष आणि पोरं बाहेर पॅसेजमध्ये. गावाहून नोकरीसाठी कुणी आला की काका एवढंच म्हणायचे, ‘‘अजून एक चटई टाक गं.’’ तो पाहुणा मग वर्षभर तरी हलायचा नाही.

चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मावशीलाही मिळाली. बेडरूमचं दार लावून ती पाच मिनिटं नुसती बसून राहिली. दार लावून एकटं बसायचं सुख तिला सत्तरीत मिळालं. त्या सुखाला नाक मुरडणारा मी नव्हे. पण काकांची ती ‘अजून एक चटई’ डोक्यातून जात नाही.

चाळी काही आपोआप उगवल्या नव्हत्या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि कोंदट वस्तीतला रोग बंगल्याच्या फाटकापाशी थांबत नाही, हे सरकारला उमगलं. १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट निघाला, त्याने बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि पालिका हजारो खोल्यांची घरमालकीण झाली. १९२०च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोल्या खुराड्यासारख्याच, पण भाड्याच्या आणि गिरणीला चालत जाता येईल अशा.

पुढे रीत बदलली. १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसनात सरकारने स्वतः विटा रचायच्या नाहीत, बिल्डरला जादा चटईक्षेत्र द्यायचं, त्याने वरचे फ्लॅट बाजारात विकून खालच्यांना फुकट घर द्यायचं, असं ठरलं. तिजोरीला तोशीस नाही. मात्र गरिबाचं घर आता श्रीमंताच्या फ्लॅटच्या भावावर उभं राहतं. जिथे भाव चढा, तिथे टॉवर. जिथे भाव नाही, तिथे नुसता पत्र्याचा कंपाउंड. म्हणजे स्वस्त घरासाठी आधी शहर महाग असायला हवं!

दुसरी गोम यादीची. पात्र की अपात्र, हे ठरतं तुम्ही अमुक तारखेच्या आधी इथे होतात का यावरून. फुकट घरासाठी ती तारीख १ जानेवारी २०००. पुराव्याचा कागद असलेल्याला घर, आणि काल दादरला उतरलेल्या पोराला? त्याचा रकानाच नाही. मोठ्या भूखंडांवर २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायचा नियम राज्यात २०१३ पासून आहे, पण तीही विकत घ्यायची. पहिल्याच पगारात कर्जाचा हप्ता कुठून काढणार?

म्हणून वाटतं, पालिकेने घरमालकीपण पुन्हा अंगावर घ्यावं. सफाई कामगारांच्या वसाहती ती सांभाळतेच. बीआयटी चाळींच्या जागी इमारती होताना आधी तिथल्या रहिवाशांचा हक्क, हे खरंच. पण दोनचार मजले कायम पालिकेचे ठेवावेत आणि त्या खोल्या नर्सना, शिकाऊ कामगारांना, नव्याने आलेल्यांना परवडेल त्या भाड्याने द्याव्यात. विकायच्या नाहीत, कुणाच्या नावावर करायच्या नाहीत. नोकरीत रुळला की त्याने पुढे सरकायचं, खोली पुढच्याला.

परवा मावशीकडे गेलो होतो. टॉवरचा तरुण वॉचमन रोज नालासोपाऱ्याहून येतो. लिफ्टपाशी त्याने मावशीला अडवलं, ‘‘आजी, इथं कुठं भाड्याने खोली मिळेल का?’’

‘‘विचारून सांगते हं,’’ मावशी म्हणाली. लिफ्ट वर निघाली तशी माझ्याकडे वळून पुटपुटली, ‘‘पण विचारू कुणाला रे?’’