सोल म्हणजे कोण?

परवा ऑफिसच्या पार्टीत मेन्यूकार्डवर 'ग्रिल्ड सोल' दिसला आणि मी स्टाइलमध्ये ऑर्डर दिली. प्लेट आली. चपटं अंग, दोन्ही डोळे एकाच बाजूला... अरे, हा तर आपला लेपा! शाळेत असताना डब्यात हाच असायचा आणि मी झाकण अर्धंच उघडायची.

समुद्राच्या तळाशी, वाळू-चिखलात पडून राहणारा हा मासा. जन्मतो चारचौघांसारखा, दोन बाजूंना दोन डोळे घेऊन. मग उजवा डोळा सरकत सरकत डावीकडे येतो आणि साहेब कायमचे आडवे! गोव्यात हाच लेपो, मंगळुरात नंग, केरळात मांतळ. आणि ते पॉश 'सोल'? मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ चप्पल! शास्त्रीय नाव सायनोग्लॉसस, म्हणजे ग्रीकमध्ये चक्क कुत्र्याची जीभ. त्यापुढे 'लेपा' किती सभ्य वाटतो, नाही?

घरी येताना आईला फोन केला. म्हटलं, आज लेपा खाल्ला, पण तुझ्यासारखा कुरकुरीत नव्हता. ती खूश. मग म्हणाली, "केवढ्याला पडला गं?"

मी म्हटलं, आई, रेंज जातेय.