खोक्यावरचं धान्य

गेल्या वार्षिक मेडिकलमध्ये डॉक्टरसाहेबांनी माझ्या वजनावर आणि रक्तातल्या साखरेवर बोट ठेवलं. चाळिशी ओलांडलेल्या अधिकाऱ्याला त्या बोटाची भीती किती असते, हे निवृत्त मंडळींना सांगायला नको. मेडिकल कॅटेगरी घसरली की बढतीपासून पुढच्या पोस्टिंगपर्यंत सगळंच अडतं. सौ.ने काळजीपोटी कांदेपोहे बंद केले आणि जयपूरच्या एका मॉलमधून 'होल ग्रेन' असं ठळक छापलेलं खोकं आणलं.

आधी चवीचं बोलतो. गार दुधात पहिली दोन मिनिटं ते कुरकुरीत लागतं, नंतर भिजलेला पुठ्ठा. आपल्याकडे दूध गरम प्यायची सवय. गरम दुधात तर ती दोन मिनिटंही मिळत नाहीत. उरतो तो फक्त गोडवा.

पंधरा दिवसांनी खोकं उलटं करून वाचलं. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, हा आपल्या देशातला नियम आहे. पहिलं नाव धान्याचं होतं आणि दुसरं साखरेचं. शंभर ग्रॅममध्ये साखर 24 ग्रॅम. 'एक सर्व्हिंग' 30 ग्रॅमचं. पीटी करून आलेला माणूस 30 ग्रॅमवर थांबतो का? माझा वाडगा काट्यावर ठेवला, भरला 70 ग्रॅम. म्हणजे जवळपास 17 ग्रॅम साखर, चार चमचे! जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. मी साखर कमी करायला बसलो होतो आणि दोन-तृतीयांश कोटा आठच्या आत संपवत होतो.

गंमत अशी की या न्याहारीचा जन्म दवाखान्यात झाला. अमेरिकेतल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन केलॉग यांनी रुग्णांसाठी साधे, बेचव फ्लेक्स केले. धाकट्या भावाला त्यात साखर हवी होती, डॉक्टरांना नको होती. 1906 मध्ये धाकट्याने वेगळी कंपनी काढली. जिंकलं कोण, ते बाजारात दिसतंच.

कोणी म्हणेल, पोहे तरी कुठे अख्खं धान्य? मान्य. पोह्यांचा कोंडा गेलेला असतो, त्यांची वकिली मी करत नाही. बिनसाखरेचे ओट्स चांगलेच आहेत, त्यांच्याशीही भांडण नाही. भांडण आहे ते खोक्याच्या पुढच्या बाजूशी, जी मागच्या बाजूबद्दल गप्प राहते.

आणि हे सगळं कुठे चाललंय? राजस्थानात! देशात सर्वांत जास्त बाजरी पिकवणाऱ्या राज्यात. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण 11 ग्रॅम प्रथिनं, तेवढाच तंतू, सहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह, आणि वरून साखर शून्य. आमच्या झुंझुनूच्या हवालदाराला ते खोकं दाखवलं. दोन दाणे चावून म्हणाला, "साब, ये नाश्ता है या मिठाई?" त्याच्या घरी सकाळी ताकातली बाजरीची राबडी असते. आपल्याकडे भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते, पण ती वर्षातून एकदा कौतुकाने खायची!

भारताच्या प्रस्तावावरून 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये लष्कराने अर्धशतकाहून अधिक काळाने जवानांच्या राशनमध्ये भरडधान्याचं पीठ परत आणलं, तांदूळ-गव्हाच्या हक्काच्या 25 टक्क्यांपर्यंत. पण ते पसंती आणि मागणीनुसार मिळतं. म्हणजे मागायला हवं. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, ही अडचण खरीच, पण तिला उपाय आहे: थोडं दळा, ताजं खा. मागणीच नसेल तर मात्र उपाय नाही. आणि 'मिलेट' छापलेली गोड बिस्किटं म्हणजे बाजरी खाणं नव्हे, तेच खोकं नव्या गणवेशात.

आमच्या टेबलावरचं खोकं गेलं. आता सकाळी भाकरी, ताक आणि लसणाची चटणी. पुढच्या मेडिकलला काय निघेल, ते तेव्हा सांगेनच. तोवर एकच विनंती: खोकं घ्यायचं तर घ्या, पण आधी उलटं करून वाचा.

जय हिंद!