अंग आंबणे आणि उसण भरणे

सोमवारी संध्याकाळी पहिल्यांदा डेडलिफ्ट शिकलेला सदस्य बुधवारी जिममध्ये येतो, बूट काढायला वाकताना कंबरेला हात लावतो आणि म्हणतो, "सर, दुखतंय." यावर पुण्यातल्या जिममध्ये दोन उत्तरे ऐकू येतात. "पहिल्यांदा होतंच, अजून दोन सेट मारले की मोकळं होईल," हे एक. "मग डेडलिफ्ट बंदच कर, कंबरेचं काही सांगता येत नाही," हे दुसरे. पहिल्या उत्तराने कधीतरी खरी दुखापत वाढते, दुसऱ्याने एक चांगला व्यायाम कायमचा सुटतो. दोन्ही उत्तरे मनातल्या एकाच प्रश्नातून निघालेली असतात: किती दुखतंय? थोडे असेल तर चालू द्या, फार असेल तर थांबा. आमचे म्हणणे असे की व्यायामानंतरचे नेहमीचे दुखणे आणि दुखापत यांतला फरक ओळखण्यासाठी तीव्रता ही सर्वांत कच्ची खूण आहे. दुखणे केव्हा सुरू झाले, नेमके कुठे आहे आणि हालचालीने त्याचे काय होते, हे तीन प्रश्न तिच्याहून खूप अधिक सांगतात. ते विचारणे हे शिकवणाऱ्याचे काम आहे, शिकणाऱ्याचे नव्हे.

आपल्या भाषेने हा फरक फार पूर्वीच करून ठेवला आहे. खूप दिवसांनी शेतात राबले, लग्नघरी दिवसभर उभे राहिले की अंग आंबते, पाय भरून येतात. कंबरेत मात्र उसण भरते, चमक निघते, पाय मुरगळतो, हात लचकतो. आंबणे आणि भरून येणे सावकाश होते, मोठ्या भागात पसरते, आणि ते कोणत्या क्षणी सुरू झाले हे कुणाला सांगता येत नाही. उसण भरल्याचा क्षण मात्र सांगता येतो: बादली उचलताना, गादी सरकवताना. पायाला मुंग्या येणे ही आणखी वेगळी गोष्ट. जिममध्ये आल्यावर हे सगळे शब्द "पेन" या एकाच शब्दात विरघळतात आणि त्यांच्याबरोबर त्यांतली माहितीही जाते. सदस्याला त्याच्या घरातल्या शब्दांत बोलू दिले, तर अर्धी तपासणी तिथेच होते.

आंबण्याची वेळ का ठरलेली असते, हे समजून घ्यायला पुणेकराला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. रविवारी सिंहगड चढताना धाप लागते, मांड्या जळजळतात, आणि वर जाऊन दही-ताक घेईपर्यंत ती जळजळ निवलेली असते. उतरताना दम लागत नाही. पण मंगळवारी जिना उतरताना मांड्या जे बोलतात, ते त्या उतरण्याबद्दल असते. चढताना स्नायू आखडत काम करतो, उतरताना तो ताणला जात असतानाच वजन तोलून धरतो, आणि या ताणत्या कामात त्याच्या तंतूंची सूक्ष्म पातळीवर मोडतोड होते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच थकव्याचे लगेचचे दुखणे आणि काही तासांनी उगवणारे दुखणे यांत भेद केला होता आणि दुसऱ्याचे कारण स्नायूच्या आतल्या इजेत शोधले होते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना ट्रेडमिलवर ४५ मिनिटे धावायला लावले, एकदा सपाटीवर आणि एकदा उतारावर. सपाटीवर रक्तातले लॅक्टिक आम्ल वाढले, पण नंतर अंग दुखले नाही. उतारावर ते वाढले नाही, आणि दुखले मात्र पुढचे दोन-तीन दिवस. तरीही "लॅक्टिक साचलंय" हे वाक्य आपल्या जिममधून हटत नाही. व्यायामात वाढलेले लॅक्टेट तासाभरात पूर्वपदावर येते. बुधवारचे दुखणे त्याच्या माथी मारता येणार नाही. हे नेहमीचे दुखणे काही तासांनी सुरू होते, साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते आणि पाच-सात दिवसांत ओसरते.

डेडलिफ्टची अडचण अशी की त्यात कंबरेचे स्नायू खरोखरच काम करतात. मांडीमागचे आणि नितंबाचे स्नायू, पाठीचा वरचा भाग, पकडीमुळे कोपरापुढचा हात, आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले लांब स्नायू, हे सगळे दुसऱ्या दिवशी दुखू शकतात. म्हणून "कंबर दुखते" या एका वाक्यावरून काहीच ठरत नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंना सारखे, तळहाताएवढ्या भागात, दाबल्यावर कळणारे, चालल्यावर सैल होणारे दुखणे हे आंबलेल्या स्नायूचे आहे. आपण कोणता प्रकार शिकवला यावरही बरेच अवलंबून असते. बार जमिनीवर टेकवून प्रत्येक वेळी नव्याने उचलणाऱ्यापेक्षा रोमानियन डेडलिफ्टमध्ये बार सावकाश उतरवणाऱ्याच्या मांड्यांचा मागचा भाग जास्त आंबेल, कारण तिथे सिंहगडाची उतरण आहे. पहिल्याच दिवशी असे चार सेट दिल्यावर सदस्याला दोन दिवस खाली बसता येत नसेल, तर ती दुखापत नाही. ती आपल्या मापाची चूक आहे.

याच ठिकाणी एक तिसरा प्रकार हाती लागतो, आणि आमच्या मते तो सर्वांत उपयोगी आहे. मांड्या आणि नितंब अजिबात दुखत नाहीत, फक्त कंबर आंबली आहे, असे सदस्य सांगतो. दुखापतीच्या खुणा नाहीत, पण भार चुकीच्या ठिकाणी गेल्याची ही स्पष्ट बातमी आहे. अनेकदा कारण शिकणाऱ्यात नसते, जिममध्ये असते. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. नवख्याला आपण पाच किलोच्या लहान लोखंडी प्लेट लावून देतो, बार नडगीच्या तळाशी जातो, आणि ज्याचे नितंब अजून मोकळे झालेले नाहीत तो माणूस कंबर गोल करूनच तिथे पोहोचतो. वजन हलके दिले म्हणून आपण निश्चिंत असतो. दोन ठोकळ्यांवर बार ठेवला असता, तर ही कंबर आंबली नसती.

दुखापतीची चाल वेगळी असते. ती बहुधा उचलतानाच बोलते, एका बाजूला आणि बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी. शरीर तापवले तरी ती सैल होत नाही. उलट दर वेळी वाकताना तीच कळ त्याच कोनात येते. दुखणे नितंबातून गुडघ्याखाली उतरत असेल, खोकताना-शिंकताना वाढत असेल, पावलाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, टाचांवर किंवा चवड्यांवर चालताना एक पाय दगा देत असेल, तर प्रश्न स्नायूचा राहिलेला नाही. नसेवर दाब असण्याची शक्यता आहे आणि बार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे पाठवले पाहिजे. यात तीव्रता कुठेच आली नाही, हे लक्षात घ्यावे. आंबलेल्या मांड्यांचे दुखणे दहापैकी आठ असू शकते आणि पायातल्या मुंग्या दहापैकी दोन. थांबायचे आहे ते दुसऱ्याने.

यावर अनुभवी फिजिओथेरपिस्ट म्हणतील की रुग्ण पुस्तकाप्रमाणे येत नाही. मांडीमागच्या स्नायूची बारीक फाट आणि आंबणे दिसायला सारखे असू शकते. चकतीचे दुखणे कधी त्या क्षणी जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना जाणवते. आक्षेप खरा आहे. पण प्रशिक्षकाला निदान करायचेच नाही. त्याला आज बारवर किती वजन लावायचे एवढेच ठरवायचे आहे, आणि त्यासाठी काळ हीच कसोटी त्याच्या हातात आहे. शंका असेल तर दहा मिनिटे चालायला लावावे, मग रिकाम्या बारने किंवा काठीने कंबरेतून वाकण्याची हालचाल करून घ्यावी. दुखणे कमी होत गेले तर हलके काम करावे. वाढले किंवा एका बाजूला गोळा झाले, तर त्या दिवशी डेडलिफ्ट नाही. तीन दिवसांनी उताराला लागण्याऐवजी वाढलेले, किंवा आठवडा उलटूनही तसेच राहिलेले दुखणे आंबण्याच्या हिशेबात बसत नाही, मग सुरुवात कशीही झालेली असो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: इतके विचारत बसलो तर माणूस घाबरेल, प्रत्येक ताणात त्याला दुखापत दिसेल. भीतीने दुखणे लांबते, हे मान्यच करायला हवे. पण भीती प्रश्नांनी येत नाही, ती आपण सहज फेकलेल्या निदानांनी येते. "गादी सरकली असेल", "मणक्यात गॅप पडला असेल" ही वाक्ये आपल्या शहरात बाकावर बसल्या बसल्या बोलली जातात आणि ऐकणारा ती वर्षानुवर्षे बाळगतो. २०१५ साली ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना पाठदुखी मुळीच नव्हती अशा लोकांच्या पाठीचे स्कॅन त्यात तपासले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली, ३० टक्क्यांत फुगवटा. पन्नाशीत हेच आकडे ८० आणि ६० टक्के झाले. म्हणजे अहवालात गॅप दिसला म्हणून दुखण्याचे कारण सापडलेच, असे होत नाही. भरलेली उसणही बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते आणि अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा झेपेल तेवढे हिंडण्याफिरण्याने लवकर उतरते. हे सांगणारा प्रशिक्षक तीन काय, तीस प्रश्न विचारू शकतो.

आणि एक समजूत, जी आक्षेप म्हणूनही कुणी मांडत नाही इतकी ती मुरलेली आहे: दुसऱ्या दिवशी दुखले नाही तर व्यायाम लागला नाही. सदस्य तसे म्हणतो आणि आपण त्याला खूश करायला सेट वाढवतो. पण एकदा आंबलेला स्नायू त्याच कामाला पुढच्या वेळी पुष्कळ कमी दुखतो, आणि ताकद मात्र वाढत राहते. दुखणे हे नवेपणाचे माप आहे. जाणता वस्ताद नवख्या पोराच्या बैठकांचा आकडा हळूहळू चढवतो तो यासाठीच. डेडलिफ्टला हाच हिशेब का लागू नये? त्यातही जिमबाहेरचा भार धरावा लागतो. गणपतीच्या आधी दोन महिने ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. संध्याकाळी दोन तास कंबरेला ढोल बांधून उभी राहिलेली मुलगी सकाळी आपल्याकडे येते, तेव्हा तिची कंबर रिकामी नसते. हिंजवडीहून खड्ड्यांतून दुचाकीवर आलेल्याचीही नसते.

वेदनाशामक गोळी घेऊन सेट मारू देणे बंद झाले पाहिजे, कारण ज्या खुणांवर आपण विसंबतो त्या गोळीने झाकल्या जातात. अति व्यायामानंतर स्नायू सुजून कडक झाले आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण येत असतो. अशा वेळी गोळी देऊ नये, रुग्णालयात न्यावे. दोन्ही पायांत अशक्तपणा, मांड्यांमधल्या बैठकीच्या भागात बधिरता, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी, त्याच तासाला. बाकीच्या सदस्यांना डॉक्टरांकडे पाठवताना सोबतच्या चिठ्ठीत निदान लिहू नये. दुखणे कोणत्या तारखेला, कितव्या सेटला, किती किलोवर सुरू झाले, कोणत्या बाजूला आहे आणि वाकल्यावर वाढते की चालल्यावर, एवढे चार ओळींत लिहून द्यावे.