दोन मालिशींच्या मधले दिवस

भंडारा जिल्ह्यात विडी वळणाऱ्या आमच्या भगिनी मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास मान खाली घालून बसतात. रोवणीत कंबर वाकते ती वेगळीच. खांदे धरले की मालीश होते, दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच सूप नि तीच मान. मालिशीने आखडलेला स्नायू सैल होतो. बसण्याची रीत बदलत नाही.

मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, म्हणून दोन मिनिटे उठणेही जड जाते, हे आम्ही जाणतो. पण नबी करीम (स.) यांनी शरीराचाही हक्क सांगितला आहे. तासाभराने सूप बाजूला ठेवा. उजवा कान उजव्या खांद्याकडे अलगद न्या, 20 सेकंद थांबा, मग डावीकडे. बोटे गुंफून हात वर ताणा. श्वास रोखू नका, हिसका देऊ नका. ताण जाणवावा, कळ नको.

“नमाजमध्ये होतेच की सगळे,” असे काहीजणी म्हणतात. सलाम फेरताना मान वळते खरी. पण इबादतीला व्यायामाच्या हिशेबात धरणे आम्हाला पटत नाही.

हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, तर मालीशही थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.