दलालांचें भावपत्रक

मद्याच्या विषयावर लेख पाहून आमच्या वाचकवर्गांतील पुष्कळांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. त्यांस आरंभींच सांगून ठेवतों कीं, प्रस्तुत लेखांत मद्यपानाची भलामण केलेली नाहीं. एकदां ठरलेली योग्यता कायमची मानावी काय, व ती ठरविण्याचा अधिकार कोणास, एवढ्याच प्रश्नाचा येथें विचार करावयाचा आहे. आणि या प्रश्नाचें फ्रान्समधील बोर्दोच्या द्राक्षबागांइतकें स्वच्छ उदाहरण दुसरीकडे क्वचितच सांपडेल.

इ. स. १८५५ त पॅरिस येथें तिसऱ्या नेपोलियन बादशहाच्या आश्रयाखालीं मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें. त्यांत बोर्दोची वाइन मांडावयाची होती. म्हणून तेथील व्यापारी मंडळानें वाइनच्या दलालांच्या संघाकडे उत्तमोत्तम नांवांची यादी मागितली. दलालांनीं एप्रिल महिन्यांत, अवघ्या दोन आठवड्यांच्या आंत, ती लिहून दिली. त्यासाठीं त्यांनीं बागांची माती तपासली नाहीं, कीं चवीची परीक्षा मांडली नाहीं. अनेक वर्षें बाजारांत ज्या नांवास जो भाव मिळत आला, त्या भावाच्या मानानें त्यांनीं तांबड्या वाइनच्या पांच प्रती पाडल्या. पहिल्या प्रतींत लाफीत, मार्गो, लातूर (आपल्या मराठवाड्याशीं या नांवाचा संबंध नाहीं) व ओ-ब्रियाँ हीं चार नांवें बसलीं. दुसऱ्या प्रतीच्या शिरोभागीं पॉयाक गांवच्या मूटाँ या बागेचें नांव आलें. त्याच सालीं कांतमेर्ल हें एक नांव मागाहून शेवटच्या प्रतींत घालण्यांत आलें, आणि मग दरवाजा जो बंद झाला तो तब्बल ११८ वर्षें.

यांत दलालांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांस भाव विचारला व त्यांनीं भाव सांगितला. दोष आहे तो पुढच्या पिढ्यांचा. एका प्रदर्शनापुरतें केलेलें भावपत्रक त्यांनीं देव्हाऱ्यांत नेऊन बसविलें, व बाजारांतला जुना दर म्हणजेच वस्तूचा अंगचा गुण असें जगास पढविलें.

या प्रतवारीचे पुरस्कर्ते यावर म्हणतात, "प्रतवारी जुनी खरी, पण माती तर तीच आहे ना?" मेदोकच्या मातीचें महत्त्व आम्हांस पूर्ण मान्य आहे. जिरोंद नदीच्या मुखाकडील त्या भागांत गोट्यांचे व वाळूचे उंचवटे आहेत. त्यांतून पावसाचें पाणी झपाट्यानें निथळतें, मुळ्या खोल जातात, आणि काबर्ने सोव्हिन्यों जातीचें उशिरां पिकणारें द्राक्ष तेथें नीट पिकतें. परंतु मातीसच मान द्यावयाचा असेल, तर तो मातीसच द्यावा. फ्रान्समध्येंच बर्गंडी प्रांतांत तशी रीत आहे. तेथें श्रेष्ठपद मिळतें तें विशिष्ट शेतास. रोमाने-काँती हें दोन हेक्टरांहूनही लहान शेत. धनी कोणीही असो, मान शेताचा. मेदोकमध्यें मान मिळाला तो बागेच्या नांवास. पहिल्या प्रतीच्या धन्यानें त्याच शिवारांतील शेजाऱ्याचा तुकडा विकत घेतला, कीं त्या तुकड्यांतलें द्राक्ष पहिल्या प्रतीचें होतें. आणि तोच तुकडा उद्यां साध्या शेतकऱ्यास विकला, कीं त्याची प्रत जाते. मग मातीचा महिमा गेला कोठें?

बरें, वेली तरी त्याच आहेत काय? १८६० नंतरच्या दशकांत फिलॉक्सेरा नांवाचा मुळ्या शोषणारा सूक्ष्म कीटक अमेरिकेंतून फ्रान्समध्यें आला. १८६८ त प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं तो ओळखला. पण तोंपर्यंत नाश सुरू झाला होता. शेवटीं उपाय सांपडला तो असा कीं, त्या कीटकास दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलींचे खुंट लावावे व त्यांवर फ्रेंच द्राक्षाचें कलम बांधावें. खुंट म्हणजे काय, हें नाशिककडील बागाईतदारांस आम्हीं सांगावयास नको. तात्पर्य, ज्या वेलींच्या रसाचा भाव दलालांनीं १८५५ त लिहिला, त्या स्वतःच्या मुळ्यांवर उभ्या होत्या. आज त्याच नांवाच्या बागा परक्या मुळ्यांवर उभ्या आहेत.

धनीही बदलले. लाफीत १८६८ त जेम्स रॉथशिल्डनें विकत घेतली. लातूर १९९३ त फ्रांस्वा पिनो या उद्योगपतीकडे गेली. वाइन सिद्ध करण्याची रीतही बदलली. पूर्वीं बागेंतून पिंपें निघत, आणि तीं मुरविणें व बाटल्या भरणें हें काम बोर्दो शहरांतील व्यापारी करीत. १९२४ पासून मूटाँच्या तरुण धन्यानें सगळें पीक बागेंतच बाटल्यांत भरण्याचा पायंडा पाडला व इतर मोठ्या बागांनाही त्या मार्गास लावलें. मुळ्या बदलल्या, धनी बदलले, बाटली भरणारा हात बदलला. प्रत मात्र बदलावयाची नाहीं, असा हा न्याय आहे!

आतां याच मूटाँची कथा पाहूं. १८५३ त, म्हणजे यादीच्या आधीं दोनच वर्षें, लंडनच्या शाखेंतील नॅथनिएल रॉथशिल्ड यानें ती बाग घेतली. तिचा भाव पहिल्या चौघांच्या मागोमाग चालत असे. तरी तिला दुसऱ्या प्रतींत बसविण्यांत आलें. १९२२ त वीस वर्षांच्या फिलिप रॉथशिल्डनें कारभार हातीं घेतला, आणि वरच्या प्रतीसाठीं दीर्घ काळ चिकाटीनें खटपट केली. १९७३ त त्या वेळचे फ्रान्सचे शेतकी मंत्री जाक शिराक (हेच पुढें राष्ट्राध्यक्ष झाले) यांच्या सहीनें मूटाँ पहिल्या प्रतींत गेली. त्या सालच्या बाटलीवर पिकासोचें चित्र आहे.

फिलिपच्या कर्तृत्वाबद्दल आम्हांस आदरच आहे. पण त्याच्या बागेचें ब्रीदवाक्य वाचकांनीं जरा बारकाईनें पाहावें. १९७३ पूर्वीं तें, पहिला होऊं शकत नाहीं, दुसरा म्हणवून घेणार नाहीं, मी मूटाँ आहें, अशा अर्थाचें होतें. पुढें तें बदलून, पहिला आहें, दुसरा होतों, मूटाँ बदलत नाहीं, अशा अर्थाचें करण्यांत आलें. या शेवटच्या तीन शब्दांतच प्रतवारीचा सगळा निवाडा आहे! मूटाँ बदलत नसेल, तर ती १८५५ तही पहिलीच होती, आणि यादी चुकली होती. उलट ती सुधारून पहिली झाली असेल, तर बागा सुधारतात व बिघडतात हें सिद्ध झालें. मग आजच्या ६१ नांवांपैकीं उरलेल्या ६० जणांची फेरतपासणी कां होऊं नये? दोहोंपैकीं कोणतेंही शिंग धरा, यादी अढळ राहूं शकत नाहीं. तरीही १९७३ त खालच्या चार प्रतींची फेरपाहणी झाली नाहीं. ज्याचा आवाज मोठा, त्याचें गाऱ्हाणें ऐकून दार पुन्हा लावून घेण्यांत आलें.

पुढें तीनच वर्षांनीं, २४ मे १९७६ रोजीं, पॅरिस येथें स्टीव्हन स्परियर या इंग्रज मद्यविक्रेत्यानें नांवें झांकून चव घेण्याची परीक्षा मांडली. नऊही फ्रेंच परीक्षकांच्या गुणांच्या बेरजेनें तांबड्या वाइनमध्यें पहिली आली ती कॅलिफोर्नियांतील स्टॅग्ज लीपची १९७३ ची वाइन. मूटाँ दुसरी, दुसऱ्या प्रतीची मोंरोज तिसरी, आणि पहिल्या प्रतीची ओ-ब्रियाँ चौथी! एका दिवसाची परीक्षा म्हणजे ब्रह्मवाक्य, असें आम्ही म्हणत नाहीं. बोर्दोची वाइन मुरावयास काळ लागतो, हा आक्षेप तेव्हांच निघाला होता. पण तीस वर्षें मुरल्यावर, २००६ त, त्याच वाइन पुन्हा चाखल्या, तेव्हांही पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाकडेच गेला.

दोन आक्षेपांचा परामर्ष घेतलाच पाहिजे. एक असा कीं, आजही पहिल्या प्रतीस सर्वांत चढा भाव मिळतो, म्हणून यादी खरी. हा तर शुद्ध अन्योन्याश्रय! भावावरून प्रत ठरली, प्रतीमुळें भाव टिकला, आणि टिकलेला भाव प्रतीचा साक्षीदार म्हणून पुन्हा उभा केला. दुसरा आक्षेप वजनदार आहे. शेजारच्या सेंत-एमिलियों येथें १९५५ पासून प्रतवारी वेळोवेळीं तपासतात, त्याचें फळ काय? २००६ ची यादी न्यायालयांत रद्द झाली, आणि २०२२ च्या यादीपूर्वीं ओझोन, शेव्हाल ब्लाँ व आंझेल्यूस या अग्रगण्य बागा त्यांतून बाहेर पडल्या. ही भांडणें शोभादायक नाहींत, हें खरें. तेथील कसोट्यांत प्रसिद्धीसारख्या बाहेरच्या गोष्टींस स्थान मिळालें, ही तक्रारही रास्त आहे. पण परीक्षेची पद्धत सदोष असेल तर पद्धत सुधारावी. परीक्षाच बंद करून पणजोबांच्या गुणपत्रिकेवर पणतवास उत्तीर्ण करावें, हा कांहीं उपाय नव्हे.

या अढळपदाची किंमत कोण भरतो? चवीऐवजीं नांव विकत घेणारा गिऱ्हाईक भरतो; आणि पलीकडच्या शेतांत त्याच गोट्यांवर, त्याच उन्हांत, जिवापाड मेहनत करून चांगली वाइन काढणारा बिननांवाचा बागाईतदार भरतो. १८५५ त त्याच्या आजोबाचें नांव दलालाच्या वहींत नव्हतें, एवढाच त्याचा अपराध.

जन्मानें ठरलेल्या प्रतींचें दुःख आमच्या समाजास कोणी समजावून देण्याची गरज नाहीं. म्हणूनच युरोपांतून परत आलेले आमचे सुशिक्षित बंधू "ही पहिल्या प्रतीची बरें का" म्हणून बाटली मिरवितात, तेव्हां आम्हांस नवल वाटतें. त्यांनीं ती खुशाल आणावी. पण प्रत कोणी दिली व केव्हां, हें विचारण्याची संवय ठेवावी. बोर्दोकरांनींही ती यादी जाळून टाकावी असें आमचें म्हणणें नाहीं. ती इतिहासाचा कागद आहे, जपून ठेवावी. मात्र तिच्या शिरोभागीं "१८५५ सालचे बाजारभाव" असें ठळक छापावें, आणि आजची प्रत आजच्या शेतास व आजच्या कामास पाहून द्यावी.