काळ्या पाटीची मोटार

आमच्या बेळगाव भागातील पुष्कळ कुटुंबांत अलीकडे एक प्रश्न चर्चिला जात आहे. घरात मोटार हवी आहे. वृद्धांना इस्पितळात न्यावयाचे असते, मुलांची शाळा दूर असते. नवी घ्यावी तर कर्ज काढावे लागते. अशा वेळी कोणीतरी सुचवितो की, चोर्ला घाट उतरून गोव्यास जावे आणि पर्यटकांना भाड्याने देऊन झालेली एखादी मोटार स्वस्तात आणावी. लगेच वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. “धर्मशाळेतले भांडे ते! शंभर जणांनी हाताळलेले आपल्या दारात कशाला?” ह्या आक्षेपात तथ्य किती आणि अभिमान किती, ह्याचा शांतपणे विचार व्हावा असे आम्हांस वाटते.

प्रथम हिशेब पाहू. नव्या मोटारीसाठी ८ लाख रुपये दरसाल ९ टक्के व्याजाने ७ वर्षांकरिता काढले, तर मासिक हप्ता सुमारे १२,८७० रुपये बसतो आणि एकूण व्याज २ लाख ८० हजारांच्या घरात जाते. इकडे मोटारीची किंमत मात्र उतरत असते. विम्यासाठी जे कोष्टक आपल्या देशात रूढ आहे, त्यात २ वर्षांवरील आणि ३ वर्षांपर्यंतच्या मोटारीच्या मूळ किमतीतून ३० टक्के घट धरतात. ४ वर्षांवरील आणि ५ वर्षांपर्यंतच्या मोटारीला ती ५० टक्के धरतात. म्हणजे नवेपणाचा मोठा भाग आपण कर्जाने विकत घेतो आणि हप्ते फिटण्याआधीच तो विरून जातो.

तथापि स्वस्त ते सारे चांगले, असे आमचे म्हणणे नाही. भाड्याची मोटार अनेक हातांतून गेलेली असते. घाटाची सवय नसलेला पाहुणा क्लचवर पाय ठेवूनच चढ चढतो. गोव्याचा पाऊस व खारी हवा पत्र्याला गंज चढविते. काही बेजबाबदार पर्यटक बंदी असूनही मोटार थेट पुळणीवर नेतात आणि ती भरतीच्या पाण्यात सापडते. म्हणून ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्यावे. पायाखालच्या मॅट उचलून पाहाव्यात, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे काय ते पाहावे, आसनाखालच्या रुळांवरील गंज तपासावा, आणि मोटार चढावर चालवून क्लच घसरतो काय ते अजमावावे. दुसऱ्या बाजूने हेही ध्यानात घ्यावे की, ज्याची कमाई मोटारीवर आहे, तो तिचे तेल वेळेवर बदलण्यास चुकत नाही. घरगुती मालक पुष्कळदा ते पुढच्या महिन्यावर ढकलतो. ह्या बाबतीत सर्व्हिसच्या नोंदी बोलतील तेच खरे.

कागदपत्रांची गोष्ट याहून महत्त्वाची. मोटार भाड्याने घेऊन स्वतः चालविण्याची केंद्र सरकारची योजना १९८९ सालची आहे. अशा मोटारीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. ती घरी वापरण्यापूर्वी परवाना परत करून तिची नोंद खाजगी वर्गात करून घ्यावी लागते, आणि विमाही त्याप्रमाणे बदलावा लागतो. ते न करता वापरल्यास अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. बँकेचा बोजा उतरल्याचा नमुना ३५ आणि परराज्यात नेण्यासाठी नमुना २८ चा ना हरकत दाखला मागून घ्यावा. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक ठेवावयाची मोटार तेथे नव्याने नोंदवावी लागते. कर्नाटकात त्या वेळी मोटारीच्या वयाप्रमाणे आजीवन कर भरावा लागतो. हा कर प्रथमच हिशेबात न धरल्यास स्वस्ताई कोठल्या कोठे जाते. मोटारीच्या क्रमांकावर पर्यटकांनी करून ठेवलेले दंड थकलेले असतात, तेही सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.

येथे एक विचित्र गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पांढरी पाटी पाहून आपण निःशंक होतो; पण गोव्यात पांढऱ्या पाटीच्या खाजगी मोटारीही चोरून भाड्याने दिल्या जातात आणि परिवहन खाते त्यांवर कारवाईही करीत असते. तशी मोटार “एकाच मालकाची, घरगुती” म्हणून विकली गेली, तर घेणाऱ्यास काय कळणार? काळ्या पाटीची मोटार निदान आपला पूर्वेतिहास कपाळावर मिरविते. म्हणून ती किती जणांनी चालविली, ह्यापेक्षा विकणारा खरे सांगतो काय, ह्याची पारख अधिक मोलाची आहे. जो मालक योग्यता प्रमाणपत्रे, विम्याचे जुने कागद व दुरुस्तीची बिले न मागता पुढे ठेवतो, त्याच्याशी व्यवहार करावा. जो मीटरवरील आकडा कमी दाखवून गप्प बसतो, त्याची मोटार फुकट मिळाली तरी महागच पडेल.

उरला अभिमानाचा प्रश्न. शेजाऱ्याने नवी मोटार आणली म्हणून आपणही आणावी आणि मग दर महिन्याच्या पाच तारखेला घरात भांडण व्हावे, मुलीचे शिक्षण अडावे, आईचे औषध पुढे ढकलावे, ही प्रतिष्ठा नव्हे. वापरलेली वस्तू घेण्यात कमीपणा नाही. न झेपणारे ऋण घेऊन श्रीमंतीचा देखावा करण्यात मात्र आहे. ज्यांना नवी मोटार सहज झेपते त्यांनी ती खुशाल घ्यावी. इतरांनी वाचलेल्या पैशांतून टायर, बॅटरी व क्लच यांसाठी काही रक्कम प्रथमच बाजूला काढावी, कारण जुन्या वाहनाचा खर्च सांगून येत नाही.

आणि वाचकहो, काही वर्षांनी तीच मोटार तुम्ही विकावयास काढाल, तेव्हा ती कोठून आली हे घेणाऱ्यास आपण होऊन सांगा. त्यामुळे किंमत थोडी उतरेल, हे आम्ही जाणतो, तरीही सांगा.