आवाज मोठा नको, स्पष्ट हवा



दिवाळीची खरेदी तोंडावर आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर पालटतो. या खेपेला बऱ्याच जणींनी होम थिएटरविषयी विचारले आहे. त्यातले बार्शीच्या एका भगिनीचे पत्र बोलके आहे. त्या लिहितात, "टीव्ही नवा घेतला. चित्र छान, पण बोलणं नीट कळत नाही. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्या आवाज वाढवतात. मुलगा दहावीला, तो आतल्या खोलीतून ओरडतो. ह्यांना पाच स्पीकरांचा, 'हजार वॅट'चा सेट हप्त्यानं घ्यायचाय. माझ्याजवळ भिशीचे बारा हजार आहेत. त्यात भागेल का? आणि चार वर्षं तरी टिकेल असं काय घ्यावं?"

आता पाहा, या घरात आवाज कमी नाहीच, उलट जास्तच आहे. कमी आहे ती स्पष्टता. हा फरक ध्यानात आला की निम्मी खरेदी सोपी होते.

पूर्वीच्या खोक्यासारख्या टीव्हीत स्पीकरला ऐसपैस जागा असे. आजच्या चपट्या टीव्हीत छोटेसे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर आपटतो, मग आपल्याकडे येतो. त्यातून फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या. मग शब्दात शब्द मिसळतात.

सासूबाईंचे कारण आणखी वेगळे. वय वाढते तसे उंच पट्टीचे, बारीक आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त ही अक्षरे नेमकी त्याच पट्टीतली, आणि शब्द ओळखायचा तो त्यांच्यावरूनच. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, "आवाज येतो गं, पण काय बोलतात ते समजत नाही." अशा कानांपुढे धडधडणारा बास ठेवला तर उरलेसुरले शब्दही त्याखाली दबतील.

आधी बिनखर्चाचे उपाय

टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या सदरात 'स्पीच', 'क्लिअर व्हॉइस' असे काही असले तर ते लावून पाहा. टीव्हीसमोर सतरंजी अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा. घुमणे बरेच कमी होते. आणि सासूबाईंना एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जरूर न्या. नुसता मळ साचला तरी ऐकू कमी येते. श्रवणयंत्राची गरज असली, तर ते काम कितीही महागडा स्पीकर करणार नाही.

वॅटच्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर मोठ्या अक्षरात 'हजार वॅट' छापलेले असते. हा आकडा पुष्कळदा क्षणभराच्या उसळीचा असतो, त्याला 'पी.एम.पी.ओ.' किंवा 'पीक' म्हणतात. विचारायचे ते 'आर.एम.एस.' म्हणजे सलग देता येणारे वॅट. दुकानदाराने टाळाटाळ केली तर सेटच्या मागची पट्टी किंवा अ‍ॅडॅप्टर वाचा. तिथे १८ व्होल्ट, २ अँपियर लिहिले असले तर दोहोंचा गुणाकार ३६ वॅट. त्यातून सलग दोनशे वॅट निघणार कसे? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

आणखी एक गंमत. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, कानाला जेमतेम थोडा वाढलेला जाणवतो. दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत रोज ऐकताना थोडेसेच वॅट वापरले जातात. तेव्हा खऱ्या पन्नास-साठ वॅटचा सेट आपल्याला भरपूर झाला.

स्पीकर किती?

'५.१' म्हणजे पुढे तीन, मागे दोन असे पाच स्पीकर आणि वरचा 'एक' खर्जाचा, म्हणजे सबवूफर. यातला पुढचा मधला सर्वांत महत्त्वाचा, कारण सिनेमातली बोलणी मुख्यतः त्यातून येतात. पण रोजच्या मालिका नि बातम्या बहुधा डाव्या-उजव्या अशा दोनच वाटांनी येतात. मागच्या स्पीकरांना मग फारसे काम राहत नाही. वायरी मात्र खोलीभर फिरतात आणि केर काढताना रोज पायात येतात. शिवाय ठरलेल्या पैशांत सहा डबे बनवायचे म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला माल किती येणार? त्यापेक्षा तेवढ्याच पैशांत दोन चांगले स्पीकर किंवा एक साधा साऊंडबार उजवा ठरतो. बोलण्यासाठी मधला वेगळा स्पीकर असलेला बार बजेटात बसला तर सोन्याहून पिवळे. 'व्हॉइस' आणि 'नाइट' अशी बटणे आहेत का, हेही पाहा. नाइटचे बटण एकदम वाढणारे धमाके आवरते, बोलणे मात्र ऐकू येते. दहावीच्या मुलासाठी ते फार उपयोगी.

दुकानात जाताना

घरच्या टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाईलवर काढून न्या. एच.डी.एम.आय.च्या भोकाशेजारी 'ए.आर.सी.' अशी अक्षरे असली तर तीच जोडणी घ्या. बहुधा टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो, सासूबाईंना दुसरा रिमोट शोधावा लागत नाही. ती नसेल तर ऑप्टिकल, जुन्या टीव्हीला लाल-पांढऱ्या पिनांची वायर. ब्लूटूथ गाण्यांसाठी ठीक. टीव्हीला लावले तर कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो.

दुकानदार गाणे मोठ्याने लावून देईल. त्याला सांगा, "बातम्या लावा, आणि आवाज कमी ठेवा." डोळे मिटून ऐका. हळू आवाजातही प्रत्येक शब्द कळला तर सेट चांगला. जमल्यास सासूबाईंनाच बरोबर न्या. परीक्षा त्यांच्या कानांनी होऊ द्या.

टिकाऊपणा आणि पैसे

टिकाऊपणाचा निम्मा भाग दुरुस्तीत असतो. सर्व्हिस सेंटर आपल्या गावात, निदान जिल्ह्यात आहे का, हे दुकानदाराला न विचारता त्या सेंटरलाच फोन करून विचारा. रिमोट, अ‍ॅडॅप्टर सुटे मिळतात का, तेही. पक्के बिल घ्या, त्यावर सेटचा क्रमांक लिहून घ्या, गॅरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. काही बिनसले आणि कोणी दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही. बार्शीच्या भगिनीला त्यासाठी सोलापूर पुरे.

'बिनव्याजी' हप्त्याचे म्हणाल, तर व्याज पुष्कळदा प्रोसेसिंग फीच्या पदराआड लपलेले असते. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना याबद्दल बजावले होते. रोख किंमत किती आणि सगळे हप्ते-फी मिळून किती, हे दोन आकडे एका कागदावर लिहून घ्या. उत्तर आपोआप मिळेल.

घरी आणल्यावर

बार टीव्हीखाली मोकळा ठेवा, शोकेसच्या बंद कप्प्यात नको. वूफर कोपऱ्यात ठेवला की जास्त घुमतो, आणि खालच्या बिऱ्हाडाची झोप मोडते. वीज कमी-जास्त होत असेल तर स्पाइक गार्ड आणि अर्थिंगचा तीन पिनांचा प्लग हवाच. वळवाच्या कडकडाटात मात्र दोन्ही प्लग आणि डिशची वायर काढून ठेवणे हाच खरा उपाय. जाळी ओल्या फडक्याने पुसू नका. मऊ कोरडा ब्रश पुरे. मागच्या वायरींवर उंदरांचा डोळा असतो, महिन्यातून एकदा पाहत जा.

तर बार्शीच्या भगिनी, बारा हजारांत छान भागेल. आठ-नऊ हजार बारला, उरलेल्यात केबल, स्पाइक गार्ड, पडदा आणि सासूबाईंच्या कानाची तपासणी. यजमानांशी घरी वाद घालत बसू नका. दुकानात हजार वॅटवाला सेट आणि साधा बार, दोन्हींवर हळू आवाजात एकच बातमीपत्र लावायला सांगा आणि त्यांनाही डोळे मिटायला लावा. पैसे तुमच्या भिशीचे आहेत, तेव्हा निवडीत तुमचाही कान हवा.

पुढच्या आठवड्यात फराळाच्या सामानाची यादी आणि माणशी हिशेब पाहू.